विभूतीची टोपली

“मग हे आकडे खोटं बोलतात का, अप्पाजी?”

मठाचे स्वामी निरंजन अप्पा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. ते सोलतच राहिले.

डॉक्टर रेवणसिद्ध कोरे याच मठाचं अन्न खाऊन, इथल्याच वसतिगृहात शिकून मोठे झालेले. आता तालुक्यातल्या साथीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. आज त्यांचा आवाज असा लागला होता, जणू साथीचा कान धरून त्यांनीच तिला वेशीबाहेर नेऊन सोडलंय.

“महिन्यापूर्वी रोज चाळीस रुग्ण सापडत होते. आता चार! मृत्यू तर या आठवड्यात एकही नाही. मठातल्या रुग्णांच्या खाटा उद्या हलवतो. सोमवारी जत्रेचा रथ निघू द्या. आपण फक्त हो म्हणा.”

“कसं जमवलंस?”

“बांबू!” डॉक्टर खुलले. “ज्या घरात रुग्ण सापडेल, त्याच्या दाराला आडवे बांबू ठोकायचे. घरातल्या कुणीही कामावर जायचं नाही. गावाला अशी शिस्त लागलीय की विचारू नका. हल्ली कुणी खोकतसुद्धा नाही.”

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही!”

अप्पांनी टरफलं बाजूला सारली.

“बरं. शुभकार्य आहे, आधी विभूती लाव. कोनाड्यातली टोपली घे.”

टोपली जड असणार म्हणून डॉक्टरांनी दोन्ही हात लावले. ती सहज उचलली गेली. तळाशी एकच वडी होती.

मठाची रीत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. गावातलं कुणी गेलं, की मठातून विभूतीची एक वडी त्याच्यासोबत मातीत जायची. टोपली एकदा भरली की वर्षभर बघायला नको.

“गेल्याच महिन्यात ही काठोकाठ भरलेली मी पाहिलीय. वड्या चोरीला गेल्या की काय?”

“चोर नाही आला. लोक आले. मागच्या दाराने.”

“कशाने गेली म्हणे माणसं?”

“म्हातारपणाने.”

“सगळी?”

“सगळी. शेट्यांचा तिशीतला पोरगासुद्धा.”

...

“काल चन्नव्वा येऊन गेली,” अप्पा म्हणाले. “नागनाथासाठी.”

डॉक्टरांचा हात टोपलीतच राहिला. आई गेल्यावर वसतिगृहात चन्नव्वानेच त्यांना भरवलं होतं, तापात उशाशी बसून राहिली होती. नागनाथ तिचा एकुलता एक. परवाच डॉक्टर तिच्या दाराशी जाऊन आले होते. दार अर्धवट लोटून, हात जोडून ती म्हणाली होती, “समदं बरं हाय, लेकरा.” तेव्हा आत नागनाथ श्वासासाठी तडफडत असणार. आणि डॉक्टर मात्र, एक घर निरोगी, असं म्हणत समाधानाने पुढे गेले होते.

“मला आधी का नाही सांगितलंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“निरोप धाडला होता. तू म्हणालास, आकडे उतरतायत, सवडीने येतो.”

रेवणसिद्ध टोपली मांडीवर घेऊन खाली बसले. लाजेने त्यांना मान वर करवेना.

“ती मला का नाही बोलली, अप्पाजी? मला?”

“तू एकटा कुठे होतास? तुझी माणसं बांबू घेऊन उभी होती.”

...

“मग खाटा?”

“राहू देत.”

“आणि रथ?”

“रथाचं मागाहून बघू. आधी दारांचे बांबू काढ. आजाऱ्याला इथे आणून घाला, मागे राहिलेल्यांच्या घरी मठातून जेवण जाईल, असं गल्लोगल्ली स्वतः सांगून ये.”

डॉक्टर उठले. शेवटच्या वडीसकट टोपली त्यांनी हलकेच कोनाड्यात ठेवून दिली आणि ते पायरीपाशी थबकले.

“पुन्हा कधी येऊ?”

अप्पांनी सोललेले दाणे त्यांच्या ओंजळीत ओतले.

“लोक तुझ्यासमोर बिनधास्त खोकू लागले आणि तुझ्या चाराचे पुन्हा चाळीस झाले, की धावत ये. मी पेढे मागवून ठेवतो.”