ओंजळभर शिरा

"पण आप्पा, ह्या हाताचं मी करू काय?"

गिरिजानं उजवा हात पुढे केला. हात साधाच होता. काचेच्या बांगड्या, बोटांना शाळेतल्या खडूची पूड. डाव्या कडेवर दीड वर्षाचा बसू होता, आणि त्याच्या गालावर त्याच हाताचा सकाळचा वळ अजून मावळला नव्हता.

मठाधिपती आप्पांनी हात पाहिला.

"दूध सांडलं म्हणून मारलं. वाटीभर दूध. आणि हा... मार खाल्ला माझ्या हातचा, अन् रडत बिलगला मलाच."

नदीकाठच्या त्या मठात सोमवारी गुळाचा शिरा असे, त्यामुळे सोमवारी भक्तीला जोर असे. ओसरीवर बायका शेंगा फोडत बसल्या होत्या.

आप्पांचा पट्टशिष्य मल्लय्या नुकताच काशीहून शिकून आला होता. ते ज्ञान अजून गरम होतं.

"ताई, मातृत्व ही तपश्चर्या आहे," तो म्हणाला. "आई क्षमेची मूर्ती. तिला थकवा कसला?"

"तुम्ही रात्रीतून किती वेळा उठता, स्वामी?"

"मी... पहाटे उठतो. एकदाच."

"तेव्हा कुणी रडत असतं का?"

मल्लय्याला विहिरीवरचं काहीतरी काम आठवलं.

"घरी कोण असतं?" आप्पांनी विचारलं.

"मीच. हे नोकरीला हुबळीला. सासूबाई येते म्हणत होत्या, मीच नको म्हटलं. शेजारीण सांभाळते म्हणाली, तिला म्हटलं, लागलं तर सांगेन."

"सांगितलंस?"

"लागलंच नाही." गिरिजानं मान ताठ केली. बसूला या कडेवरून त्या कडेवर घेताना मात्र तिच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

आप्पांनी शिऱ्याचं पातेलं पुढे ओढलं.

"शाळेतही हा कडेवरच. फळ्यासमोर शिकवताना उभ्या उभ्या डोळा लागतो, आप्पा. आज दुधावरून मारलं. उद्या कशावरून मारीन, मलाच ठाऊक नाही. मला माझीच भीती वाटते. हाताला शिक्षा सांगा, नाहीतर अंगात बळ द्या. बाकी कुणाचं काही नको."

आप्पांनी पातेल्यातून पळीभर शिरा घेतला.

"घे."

गिरिजानं एक हात पुढे केला. पळी हवेतच थांबली.

"दोन्ही."

मठाची रीतच तशी. प्रसाद ओंजळीत घ्यायचा. आमदार आले तरी त्यांना फोन खिशात ठेवावा लागे.

गिरिजानं बसूला खाली उभं केलं. त्यानं भोकाड पसरलं. तिनं उचलला. कोपरानं कमरेशी दाबून धरला, ओंजळ केली, तो घसरला. पुन्हा उचलला.

"आण की गं इकडं," पारव्वा म्हणाली. शेंगा फोडणाऱ्यांत सगळ्यांत म्हातारी तीच. तिची नातवंडं पुण्याला होती आणि फोनच्या काचेत मोठी होत होती.

"नको मावशी, तो कुणाकडे जात नाही."

"तो म्हणाला व्हय तसं?"

बायका हसल्या. गिरिजा हसली नाही.

"आप्पा, आजच्या दिवस रीत राहू द्या ना."

पळी तशीच... आप्पांच्या म्हाताऱ्या हाताला कंप सुटला होता. स्वतःच्या हाताची तिनं कधी कीव केली नव्हती. हा मात्र तिला पाहवेना.

तिनं बसूला पारव्वाच्या मांडीवर ठेवलं.

तो दोनदा किंचाळला. मग कुणाकडे न जाणाऱ्या त्या पोरानं पारव्वाच्या नाकातली चमकी मुठीत धरली आणि ओढून पाहिली.

गिरिजानं ओंजळ केली. उजव्या तळव्याकडे पाहून ती अडखळली.

"ह्याच हातात, आप्पा?"

"दुसरा कुठून आणू?"

शिरा कोमट होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे पहिल्या घासाला तिच्या ध्यानात आलं. दुसरा घास डोळ्यांतल्या पाण्यासकट गेला. मग ती खांबाला टेकून बसली, जरा टेकते म्हणून, आणि हात धुवायचेही राहून गेले.

जाग आली तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. पारव्वाच्या लुगड्यावर ओला डाग होता. बसू तिच्या कुशीत तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि म्हातारी त्याच्याकडे एकटक बघत कानडीत काहीबाही गुणगुणत होती.

"अगंबाई! मावशी, द्या इकडे, केवढा त्रास दिला..." गिरिजानं हात पसरले.

"राहू दे," आप्पा हळूच म्हणाले. "तिचं अजून झालेलं नाही."

गिरिजा खाली बसली. तळव्यावर वाळलेला शिरा नखानं खरवडू लागली.

"आप्पा... उद्या परत हा हात उठला तर?"

"उठू दे. उठलाच, तर त्याच हातानं शेजारणीची कडी वाजव."