लाख दूर्वा आणि वर दोन

गणरायाच्या कृपेने सगुणाकाकूंची नात तापातून उठली. नवसाच्या लाख दूर्वा घेऊन काकू देवळात आल्या, तर पुरोहित तोऱ्यात म्हणाले, "तुमच्या दूर्वा नेमक्या लाख हव्यात. सगळ्या जुड्या एकवीसच्या, अर्धवट एकही नको. नाहीतर नवस फिटला नाही!"

काकू हसल्या. "भटजीबुवा, लाखाच्या अंकांची बेरीज एक. त्याला तिनाने भाग जात नाही, मग एकविसाने कुठला जायला? शेवटच्या जुडीत एकोणीसच आहेत."

"मग न्या परत!"

"परत कशाला? माझ्या लाख पुऱ्या झाल्या. सकाळपासून तुम्ही दुसऱ्यांच्याच दूर्वा मोजताय. आता तुमच्या हातच्या दोन जाऊ देत की देवाला!"

रांगेतल्या बायका खुदकन हसल्या. पुरोहित अंगणात दूर्वा खुडायला वाकले, आणि नवस फिटला.