पाचवी तार

इचलकरंजीच्या एका ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं बेस गिटार वाजवणारे दस्तगीर मुल्ला वारले आणि त्यांच्या जागी त्यांची लेक नसीम वाजवू लागली. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात दिवंगत वादकांची नावं वाचायची होती. संयोजक वाळिंबेसाहेबांनी यादीतून दस्तगीरचं नाव खोडलं. म्हणाले, "बेस कोण ऐकतंय?"

नसीम तेव्हा अब्बांच्या पाच तारांच्या गिटारला नव्या तारा निवडत होती. पाचवीसाठी तिने सगळ्यांत जाड, खर्जाची तार उचलली.

"ती कशाला? कुणाला ऐकू येणार आहे? चार पुरेत," साहेब हसले.

नसीमने ती तार बाजूला ठेवली आणि चारच तारा चढवल्या. तालीम सुरू झाली. दुसऱ्याच गाण्याला साहेबांनी हात वर केला. "थांबा! गाणं पोकळ वाटतंय. खालचा सूर कुठे गेला?"

"साहेब," नसीम म्हणाली, "जी तार ऐकूच येत नाही, ती गेल्याचं तुम्हाला कसं कळलं?"

साहेबांनी मान खाली घातली, पेन मागितलं आणि खोडलेलं नाव स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलं.

कार्यक्रमात ते नाव भरल्या सभागृहात वाचलं गेलं. टाळ्याही पडल्या. ऐकायला अब्बा नव्हते.