बारवेवरची बाई

"चाचा, खरं बोला. बाईला कोण फिरवतंय?"

दस्तगीरचाचा चहा फुंकत होता. चहा कधीच गार झाला होता, पण चाचाचं फुंकणं चालूच.

"कुठली बाई?"

"माझी."

"तुझी घरी आसंल की रं."

जिनपाल मगदूमचे कान तापले. बेचाळीस वर्षांचा माणूस, बांधकामाचा इंजिनेर, हाताखाली चाळीस गडी, आणि हा म्हातारा त्याला असा खेळवतो.

"ही बाई, चाचा. ही!"

ही म्हणजे अंगठ्याएवढी. प्लास्टिकची. कमरेवर घागर घेऊन बारवेच्या सातव्या पायरीवर उभी. बारवही प्लास्टिकचीच. बारकी पोरं एकात एक टिचकन बसणाऱ्या विटा खेळतात ना, त्याच विटांची. काळ्या आणि करड्या, चार हजारांच्या वर. जिनपालनं अकरा महिने मांडी मोडून रचली होती. बायको म्हणायची, पोरं मोठी झाली, आता बाप लहान झाला.

हसायचं काम नव्हतं. असे बाप्ये गावोगाव आहेत. चाळिशी उलटलेले, चष्मेवाले. विटा रचायच्या आणि त्याचे असे फोटो काढायचे की बघणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे. पुण्याला त्यांचं प्रदर्शन होतं. फोटो आज सहाच्या आत पाठवायचा होता, आणि जिनपालकडं पाठवण्यासारखा एकही नव्हता.

कारण बाई.

बारव त्यानं चाचाच्या तकियात आणून ठेवली होती. गावाबाहेर, आरगेच्या वाटेवर, फकिराची जुनी जागा. घरी उजेड नळकांडी दिव्याचा. इथं पश्चिमेला एकच खिडकी, आणि चारच्या सुमाराला तिच्यातनं असा काही उजेड पडायचा की प्लास्टिकचा दगड व्हायचा. ती खिडकी चाचानंच दाखवली होती. एके काळी चाचा जत्रेत तंबू ठोकून फोटो काढायचा. अर्ध्या तालुक्याला त्यानं लाकडाच्या चंद्रावर बसवलंय. उजेडातलं जे काही जिनपालला कळत होतं, ते चाचाकडनंच. चाचा शिकवताना हाताला काम देत नसे. नुसती हनुवटी हलवायचा. तो आरसा तिकडं. तो कागद जरा मागं. जिनपालला वाटायचं, गुरू असाच असतो.

तर रोज सकाळी जिनपाल यायचा. चिमट्यानं बाईला नीट उभी करायचा, नजर खाली पाण्याकडं. मग कामावर. चारला परत येऊन बघतो तर बाईनं तोंड फिरवलेलं. भिंतीकडं! ती परत नीट करेस्तोवर, विटांवरचे बोटांचे डाग पुसेस्तोवर उजेड निघून गेलेला.

असं चार दिवस.

पहिल्या दिवशी संशय चाचाच्या मांजरावर. जिनपालनं मांजर पोत्यात घालून ओढ्यापलीकडं सोडलं.

दुसऱ्या दिवशी बाई फिरलीच.

मग संशय हौसाक्कावर. अठरा वर्षं ती तकिया झाडत होती, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपलं आपणच. जिनपाल तिला म्हणला, "आजपासून आत यायचं नाही. वस्तूंना हात लावायची सवय वाईट." हौसाक्कानं हातातली केरसुणी दाराआड उभी केली आणि गेली. चाचा गार चहा फुंकत बसला.

तिसऱ्या दिवशी बाई फिरलीच.

चौथ्या दिवशी, म्हणजे काल, जिनपालनं सकाळीच उंबऱ्यावर दाढीची पावडर पसरली. खिडकीखालीही पसरली. चारला येऊन बसून बघितलं. मुंगीचाही माग नव्हता. आत मात्र भुईवर, दोन दिवसांच्या धुळीत, जिनपालची सोडली तर एकाच माणसाची अनवाणी पावलं. अंगठा वाकडा.

चाचाचा अंगठा वाकडा आहे.

म्हणून आज साहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून तीनलाच आले होते. बाई अजून जागेवर होती. पाण्याकडं बघत, एकदम गरीब.

"चाचा, मी पावडर टाकली होती."

"बघितली. घरभर वास छान आला."

"आत तुमच्याशिवाय कुणी नव्हतं."

"न्हवतं."

"मग?"

चाचानं वाकून चहाचा एक घोट ओढला.

"मी तुम्हाला गुरू मानतो, चाचा."

"म्हणून पावडर टाकलीस व्हय?"

जिनपाल मनातनं हलला नाही. त्याचं मन म्हणत होतं, म्हातारा जळतो. स्वतःचा तंबू गेला, चंद्र गेला, आता चेल्याचा फोटो पुण्यात लागणार, ते बघवत नाही.

चाचानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बरं. मीच फिरवली."

जिनपालला इतकं बरं वाटलं की त्याची लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

"का पण?"

"गंमत."

"गंमत? माझे अकरा महिने..."

"गंमतच की. म्हातारपणी दुसरं काय जमतंय?"

"दाखवा. कशी फिरवलीत ते दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

चाचा सरकत सरकत बारवेपाशी आला. शालीतनं उजवा हात काढला.

जिनपालनं तो हात एवढ्या जवळनं कधी बघितलाच नव्हता.

हात थडथडत होता. वाऱ्यात पान हलतं तसा नव्हे, चाळण हलवावी तसा. चाचानं तो पायरीवर आणला. बोटं बाईच्या डोक्यावर आली, घागरीवर गेली, कठड्याला लागली. कठड्याची एक वीट टिचकन उडून पडली. मग दुसरी. आतला निळा-पिवळा भराव उघडा पडला. फोटोत दिसत नाही म्हणून आत कसल्याही रंगाच्या विटा घालतात ही मंडळी.

बाईला मात्र बोट लागेना. चाचानं दात आवळले. परत आणला हात...

"नको," जिनपाल म्हणला.

"थांब की. दावतो."

"नको, चाचा. राहू द्या."

चाचानं हात शालीत ठेवला. शाल हलत राहिली.

जिनपालची नजर बशीकडं गेली. बशी भुईवर होती. म्हातारा वाकून तोंड बशीला लावायचा, दोन वर्षं जिनपालच्या देखत. ही त्याला लहर वाटली होती. इंजिनेरसाहेब केसाएवढी फट ओळखतात, बरं का!

"मग खोटं का बोललात?"

"तुला चोर पायजे व्हता. मांजर घालवलंस. हौसा घालवलीस. घरात मी एकटाच उरलो व्हतो."

"मग कोण फिरवतं?"

"रोज चारला येतोस. आज तीनला आलायस. बस."

बसले. जिनपालनं पडलेल्या विटा उचलल्या, पण लावल्या नाहीत.

साडेतीनला ऊन खिडकीत आलं. चैताचं ऊन, अंगाला चावणारं. भिंतीवरनं उतरलं, पहिल्या पायरीवर आलं, तिसऱ्या, पाचव्या. सातव्या पायरीवर येऊन थांबलं आणि बाईला तापवायला लागलं.

आधी काहीच झालं नाही.

मग घागर केसभर खाली आली.

मग खांदा.

बाई वळत होती. घाई नाही, गडबड नाही. कामं आवरून वळावं तशी. पाच-सात मिनिटांत तिनं पाण्याकडं पाठ केली आणि तोंड भिंतीला लावलं.

"मेण..." जिनपाल पुटपुटला.

त्याचंच मेण. विटेवरच्या बटणासारख्या उंचवट्यावर घट्ट बसवली की बाई हवालदारासारखी उभी राहते, म्हणून त्यानं तिला दोन बटणांच्या मधे, मेणाच्या गोळीवर, जराशी तिरकी टेकवली होती. जिवंत वाटावी म्हणून. घागर एका अंगाला जड. उन्हानं मेण मऊ झालं की ती आपली वळणारच.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"चार दिस बघतोय. दुपारचं दुसरं काय काम हाय मला?"

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस का, कशानं फिरती? तू इचारलंस, कोण फिरवतंय."

जिनपाल खाली बघत बसला. भुईवर धूळ होती. तिच्यात चाचाची वाकडी पावलं, आणि दाराआड केरसुणी. ऊन सातव्या पायरीवर आणखी वीस मिनिटं राहणार होतं.

मग तो उठला. उठला तो एकदम हुशारीनं उठला. पिशवीच्या तळातनं बोटाएवढी नळी काढली.

"काय रं ते?"

"गोंद. एका थेंबात पक्का."

"तुमच्यात गोंद चालत न्हाई म्हणला व्हतास. पयल्याच दिवशी. छाती काढून. ईट इटंला धरती, म्हणला व्हतास."

"एकदाच, चाचा. पायाखाली आहे, फोटोत दिसणार नाही."

"मग?"

"मग फोटो काढतो. तो पाठवला की सरळ हौसाक्काच्या घरी जातो, चूक झाली म्हणतो, पाया पडतो." जिनपाल नळीचं टोक कापत होता. "आणि ही एकदा पक्की झाली ना, की परत कुणावर संशय घ्यायची पाळीच यायची नाही."

जिनपालनं चिमट्यानं बाई उचलली. नळी पायरीवर धरली.

चाचानं शालीतनं उजवा हात काढला, आणि नळीच्या तोंडाखाली नेऊन धरला. हात थडथडत होता.

"हलतंय ते पक्कं करायचंय न्हवं? आधी ह्याला लाव."