नाकेदाराची पक्की आठवण

रत्नबंदर नावाच्या परक्या शहराचा कायदा मोठा कडक: शहरातला एखादा नागरिक ओळख देईल, तरच बाहेरच्याला आत प्रवेश!

लग्नाला महिना न झालेली येसू जहाजातून उतरली. नवरा आतच कामाला होता, पण तोही परदेशी. त्याची साक्ष चालत नव्हती. जहाज तासाभरात माघारी निघणार, आणि पुढचं थेट दिवाळीनंतर!

मिशीवर ताव देत नाकेदाराने गाव, वडील, भावंडं, सगळं खोदून विचारलं. येसूने मुकाट सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "नवऱ्याचं नाव?" नवी नवरी नुसतं नाव कसं घेणार? तिने मान खाली घालून उखाणाच घेतला.

"निळ्याशार दर्यावर डोलतं तारू,
जयवंतरावांच्या गावी मी नवी उतारू."

रांगेत हशा पिकला. नाकेदार गुरगुरला, "ओळख देणारा कुणी नाही ना? मग फीर माघारी!"

"जाते हो, काका. पण एवढं विचारलंत, त्यातलं उद्या काही आठवेल का तुम्हाला?"

"मला? अगं, तू येसू, आंबेरीच्या गोविंद सुताराची थोरली, दोन भावांची बहीण, जयवंताची बायको. दहा वर्षांनी भर बाजारात दिसलीस तरी ओळखीन!"

"अगंबाई! म्हणजे मला इतकं ओळखणारे एक नागरिक आहेत की इथे! काका, तेवढी सही करता?"

नाकेदाराने आ वासला. पण साऱ्या रांगेदेखत बोलून बसलेला; सही करून शिक्का उठवला. येसू पदर खोचून धावत सुटली.

मागचा म्हातारा लगबगीने पुढे सरकला. "रामराम, नाकेदार! आधी माझं आजोळ सांगू?"