फुगीच्या पोटात बोंडूची गोधडी

गावात होता एक कारखाना. कारखान्यात एक कपाट. कपाटाखाली एक घर. घरात राहायची मिची उंदरी.

मिची केवढी? अंगठ्याएवढी.

मिचीचं एक पिल्लू होतं. त्याचं नाव बोंडू. बोंडू केवढा? शेंगदाण्याएवढा.

बोंडूची एक गोधडी होती. एक चिंधी लाल, एक चिंधी पिवळी. टाके मिचीने घातलेले, जरा वेडेवाकडे. ती गोधडी अंगावर आली, की बोंडू गुडूप निजायचा.

कारखाना होता तातूकाकांचा. तातूकाका सुतार. करवत चालायची, खर्र खर्र. रंधा चालायचा, सर्र सर्र. पोळपाट व्हायचे. पाट व्हायचे. बाळांचे पाळणे व्हायचे. आणि भुसा व्हायचा. भुसाच भुसा.

भुसा नाकात गेला, की तातूकाका शिंकायचे. आक् छी. आक् छी.

म्हणून त्यांनी एक यंत्र आणलं. भुसा ओढायचं यंत्र. त्याला लांब नळी, हत्तीच्या सोंडेसारखी. घूंऽऽ घूंऽऽ करून यंत्र भुसा ओढायचं आणि पिशवीत भरायचं. पिशवी होती कागदाची. भुसा खाऊन खाऊन ती फुगायची. म्हणून तिचं नाव फुगी.

एक दिवस काय झालं? तातूकाकांनी नळी घातली कपाटाखाली. घूंऽऽ. भुसा गेला. धूळ गेली. आणि बोंडूची गोधडीसुद्धा गेली. सुर्रकन.

बोंडू उघडा पडला. त्याला थंडी वाजली. हुडहुड, हुडहुड.

"आई, माझी गोधडी."

मिचीने त्याला लाकडाच्या एका कुरळ्या सालपटात ठेवलं. "इथेच थांब हं, राजा. मी घेऊन येते."

आणि मिची निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू.

मिची गेली फुगीकडे.

"फुगीताई, फुगीताई, गोधडी दे.
गोधडी दिली, तर बोंडू निजेल."

फुगीचं पोट गच्च भरलं होतं. तिला नीट बोलताही येईना.

"कशी देऊ गं बाई? माझं तोंड बंद. तातूकाकांनी भुसा ओतला, तर देईन."

मिची निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. मिची गेली तातूकाकांकडे.

"तातूकाका, तातूकाका, भुसा ओता.
भुसा ओतला, तर फुगी गोधडी देईल.
गोधडी दिली, तर बोंडू निजेल."

तातूकाकांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"अगं, फुगी कागदाची. उघडायला गेलो, तर फाटेल. आणि ही माझी शेवटची पिशवी. मग यंत्राला काय लावू? भुसा उडेल, नाकात जाईल. हौसामावशीने कापडी पिशवी शिवली, तर ओतीन."

मिची निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. मिची गेली हौसामावशीकडे. हौसामावशीचं शिवणयंत्र चाललं होतं. टरर टरर, टरर टरर.

"हौसामावशी, हौसामावशी, पिशवी शिव.
पिशवी शिवली, तर काका भुसा ओततील.
भुसा ओतला, तर फुगी गोधडी देईल.
गोधडी दिली, तर बोंडू निजेल."

मावशीने चष्मा वर सारला. तिने प्लॅस्टिक हातात घेतलं. "हे नको. यातून हवा जात नाही. यंत्र गुदमरेल बिचारं."

तिने मलमल हातात घेतली. "ही पण नको. ही फार विरळ. भुसा गळेल आणि तातू शिंकत बसेल."

मग ती म्हणाली, "कापड हवं जाड. वीण हवी दाट. इराप्पा आजोबांनी कापड दिलं, तर शिवीन."

मिची निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. मिची गेली इराप्पा आजोबांकडे. आजोबा हातमागावर बसले होते. खटक खट, खटक खट.

"इराप्पा आजोबा, इराप्पा आजोबा, कापड द्या.
कापड दिलं, तर मावशी पिशवी शिवेल.
पिशवी शिवली, तर काका भुसा ओततील.
भुसा ओतला, तर फुगी गोधडी देईल.
गोधडी दिली, तर बोंडू निजेल."

आजोबांनी माग थांबवला.

"कापड आहे की. जाड आहे, दाट आहे. पण तो बघ गठ्ठा. त्यावर आमची भुरी बसलीय पिल्लं घेऊन. लेकुरवाळीला कसं उठवू? भुरीने गठ्ठा सोडला, तर देईन."

मिचीने गठ्ठ्याकडे पाहिलं. भुरी होती मांजर. मोठी थोरली मांजर.

मिची दोन पावलं मागे सरली. तिला वाटलं, पळून जावं. मग तिला आठवला बोंडू. सालपटात असेल. हुडहुडत असेल.

मिची निघाली. आता मात्र हळूच. टिप् टिप्, टिप् टिप्. मिची गेली भुरीकडे.

"भुरीताई, भुरीताई, गठ्ठा सोड.
गठ्ठा सोडला, तर आजोबा कापड देतील.
कापड दिलं, तर मावशी पिशवी शिवेल.
पिशवी शिवली, तर काका भुसा ओततील.
भुसा ओतला, तर फुगी गोधडी देईल.
गोधडी दिली, तर बोंडू निजेल."

भुरीने एक डोळा उघडला.

"उंदीर असून माझ्यापाशी आलीस?"

"यावंच लागलं," मिची म्हणाली. "बोंडू माझं पिल्लू आहे."

भुरीची शेपटी हलली. इकडे हलली, तिकडे हलली. मग थांबली.

"माझी पण पिल्लं आहेत. सकाळपासून झोपली नाहीत. त्यांना सोडून कशी उठू? पिल्लांनी डोळे मिटले, तर सोडीन."

भुरीच्या कुशीत पिल्लं होती. एक काळं, एक पांढरं. दोघंही रडत होती. म्यूं म्यूं, म्यूं म्यूं.

"पिल्लांनो, पिल्लांनो, डोळे मिटा.
डोळे मिटले, तर भुरी गठ्ठा सोडेल.
गठ्ठा सोडला, तर आजोबा कापड देतील.
कापड दिलं, तर मावशी पिशवी शिवेल.
पिशवी शिवली, तर काका भुसा ओततील.
भुसा ओतला, तर फुगी गोधडी देईल.
गोधडी दिली, तर बोंडू निजेल."

काळं पिल्लू म्हणालं, "थंडी वाजते."

पांढरं पिल्लू म्हणालं, "भिंतीला भोक आहे. तिथून वारा येतो. वारा थांबला, तर डोळे मिटू."

मिचीने पाहिलं. खरंच की. गठ्ठ्यामागे भिंत. भिंतीला भोक. भोकातून येत होता वारा. सूंऽऽ सूंऽऽ.

"वारेदादा, वारेदादा, जरा थांब.
वारा थांबला, तर पिल्लं डोळे मिटतील.
डोळे मिटले, तर भुरी गठ्ठा सोडेल.
गठ्ठा सोडला, तर आजोबा कापड देतील.
कापड दिलं, तर मावशी पिशवी शिवेल.
पिशवी शिवली, तर काका भुसा ओततील.
भुसा ओतला, तर फुगी गोधडी देईल.
गोधडी दिली, तर बोंडू निजेल."

वारा म्हणाला, "मी कसा थांबू? वाट दिसली, की मी शिरतो. माझा स्वभावच तसा. सूंऽऽ सूंऽऽ."

आता कुणाकडे जायचं? आता कुणीच उरलं नव्हतं.

मिचीने भोकाकडे पाहिलं. भोक केवढं? अंगठ्याएवढं.

मिची गठ्ठ्यामागे गेली. वळली. आणि भोकात पाठ टेकून बसली. गच्च बसली. शेपटीसुद्धा आत ओढून घेतली.

बाहेरून वाऱ्याने ढकललं. सूंऽऽ. मिची हलली नाही. पुन्हा ढकललं. सूंऽऽ. मिची हलली नाही. तिची पाठ गार गार पडली. पण आत एवढासाही वारा आला नाही.

वारा दमला. वारा थांबला.

काळ्या पिल्लाने जांभई दिली. पांढऱ्या पिल्लाने नाक पोटात खुपसलं. वारा थांबला आणि पिल्लांनी डोळे मिटले.

भुरी मिचीकडे बघत राहिली. मिची तिच्या अगदी जवळ होती. पंजाएवढ्या अंतरावर. भुरीने पंजा उचलला.

आणि तोंडावर बोट ठेवावं, तसा तो ओठांवर ठेवला. "श् श्. निजलीत."

आजोबांनी आपली टोपली आणली, मिची भोकातून बाहेर आली आणि टोपलीने भोक बंद झालं. भुरीने काळ्याला मानेशी धरलं आणि टोपलीत ठेवलं. पांढऱ्याला मानेशी धरलं आणि टोपलीत ठेवलं. मग आपणही टोपलीत जाऊन बसली. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. डोळे मिटले आणि भुरीने गठ्ठा सोडला.

"जा आता," भुरी मिचीला म्हणाली. "तुझं लेकरू वाट बघत असेल."

आजोबांनी गठ्ठ्यातून कापड काढलं. कात्री चालवली, कच कच कच. "घे बाई." पण कापड उचलायचं कुणी? कापड मिचीहून केवढं तरी मोठं. आजोबा हसले. त्यांनी कापड खांद्यावर टाकलं, मिचीला खिशात ठेवलं आणि काठी घेऊन निघाले. गठ्ठा सोडला आणि आजोबांनी कापड दिलं.

हौसामावशीने कापड हातात घेतलं. त्यावर चिमूटभर भुसा ठेवला. खालून फुंकर मारली, फूऽऽ. भुसा थरथरला. वरून फुंकर मारली, फूऽऽ. खाली मिचीच्या मिश्या हलल्या. पण भुशाचा कण काही खाली पडला नाही.

"हवा जाते, भुसा राहतो," मावशी म्हणाली. "अस्संच हवं होतं."

टरर टरर, टरर टरर. खाली दुहेरी शिवण. वर तोंडाला नाडी. कापड दिलं आणि मावशीने पिशवी शिवली.

मग सगळी मिळून निघाली कारखान्यात. पुढे मावशी, मागे आजोबा, खिशात मिची.

तातूकाकांनी नवी पिशवी उलटीपालटी करून पाहिली. "ही छान झाली. भरली की ओतायची, झटकायची, पुन्हा लावायची. टाकायला नको, फेकायला नको."

मग त्यांनी फुगीला हळूच खाली उतरवलं. तिचं तोंड उघडलं. टर्र. पिशवी शिवली आणि काकांनी भुसा ओतला.

भस्सकन भुसा पडला. केवढा ढीग झाला. फुगीने लांब श्वास सोडला. "हुश्श. किती दिवसांनी हलकं वाटतंय."

मिचीने ढिगात उडी मारली. इथे भुसा. तिथे भुसा. गोधडी कुठेच नाही.

मिची थांबली. तिचे डोळे भरून आले. "नाहीये," ती म्हणाली.

"थांब गं," तातूकाका म्हणाले. ते खाली बसले. आजोबा बसले. मावशी बसली. सगळ्यांनी बोटांनी हळूहळू भुसा चाळला.

"आणखी थोडा भुसा आहे," फुगी म्हणाली. "माझ्या कोपऱ्यात बघा. तिथे मघापासून काहीतरी मऊ मऊ लागतंय."

तातूकाकांनी फुगीच्या कोपऱ्यात बोट घातलं. थोडा पिवळा रंग दिसला. थोडा लाल रंग दिसला. भुसा ओतला आणि फुगीने गोधडी दिली.

तातूकाकांनी गोधडी झटकली. झट् झट्. आक् छी.

मग त्यांनी ती दोन बोटांत धरून मिचीपुढे केली. "चुकलं माझं, मिची. आता आधी कपाटाखाली बघीन, मगच नळी घालीन."

मिची निघाली. गोधडी तोंडात धरून निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू, तुरू तुरू.

कपाटाखाली सालपट होतं. सालपटात बोंडू होता. जागाच होता.

"आई, आलीस?"

"आले रे, राजा."

मिचीने गोधडी पसरली. लाल चिंधी पायांवर, पिवळी चिंधी पोटावर. बोंडूने गोधडीचा वास घेतला. "लाकडाचा वास येतो."

"येऊ दे," मिची म्हणाली. ती त्याच्याजवळ आडवी झाली. तिची पाठ अजून गारच होती. बोंडूने गोधडीचं टोक ओढलं आणि आईच्या पाठीवर घातलं. टोक होतं एवढंसं. तेवढंच पाठीला पुरलं.

गोधडी दिली आणि बोंडू निजला.

बाहेर नवी पिशवी यंत्राला लागली. फुगीची घडी झाली. आजोबा घरी गेले, मावशी घरी गेली. भुसा संपला, गोष्ट संपली. आता तुम्हीही पांघरूण वर ओढा.