निऱ्यांचा श्वास

एका राज्यात, जिथे तुतीच्या सालीचा कागद घरोघरी बनत असे, चंद्रकेतू नावाचा राजा होता. राजा भला, पण तापट. विकराक्ष जादूगाराने राजकन्येला मागणी घालणारे पत्र धाडले, ते राजाने भर दरबारात टराटरा फाडले.

तोच जादूगार दरबारात प्रकटला आणि म्हणाला, "कागदाचा एवढा तिटकारा? तर मग लेकच कागद होवो!"

सिंहासनाशेजारी राजकन्या शशिप्रभेच्या जागी एक कोरा कागद पडला. राजा जादूगाराच्या पाया पडला. तेव्हा विकराक्ष म्हणाला, "कात्री न लावता, खळ न लावता कोणी कागद उभा करावा. मग कागदावर पाण्याचा घडा तोलावा. आणि शेवटी या तुझ्या लेकीला श्वास घ्यायला लावावे. हे झाले तर ती तुझी, हे माझे वचन; नाहीतर सूर्यास्त झाला की मी तिला वाऱ्यावर सोडीन."

मंत्री मागे सरले. पुढे आली ती राजकन्येची दाई, कमळजा. तिचा एक नेम होता. रोज चूल पेटवण्याआधी एक कागद घ्यायचा आणि लुगड्याला घालतात तशा निऱ्या त्याला घालून पाहायच्या, पण कालच्याहून वेगळ्या. कशासाठी, हे तिलाही ठाऊक नव्हते. लोक हसत, तीही हसे.

तिने दुसऱ्या एका कोऱ्या कागदाला उभ्या निऱ्या घातल्या, तो उभा राहिला. निऱ्या बारीक, दाट केल्या, वर पाट ठेवला, पाटावर घडा तोलला. थेंबही सांडला नाही.

तिसऱ्या कामाला मात्र तिने राजकन्येचा कागद हाती घेतला आणि तसाच खाली ठेवला. कागदाला पडलेली घडी कधी जात नाही. चुकली, तर राजकन्या जन्माची मोडायची. ऊन उतरत चालले.

तोच खिडकीतून तिची मैना आली. चोचीत चुरगळलेला कागद होता.

"कमळजाबाई, परवा तुम्ही चुकलात."

"ठाऊक आहे. निऱ्या तिरक्या गेल्या, वरची घडी खाली पडली. रागाने मी तो भिरकावला."

"मी तो घरट्यात अंथरला. पिले हलली की पसरतो, निजली की मिटतो."

कमळजेने तो कागद उलगडला, चुकलेली प्रत्येक घडी बोटाने वाचली. मग राजकन्येला मांडीवर घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच ती मुद्दाम चुकू लागली.

"दुखलं तर सांग हो, बाळा," ती पुटपुटली.

शेवटची घडी पडली. कागद मिटला. पसरला. पुन्हा मिटला. सारा दरबार त्याच्यासोबत श्वास घेऊ लागला, आणि पाहता पाहता कमळजेच्या मांडीवर राजकन्या डोके टेकून पडलेली दिसली.

विकराक्ष वचनाला बांधलेला होता. तो मान खाली घालून निघाला. राजाने त्याला दारात गाठले. "पत्र फाडायला नको होते," तो म्हणाला. "नकार नीट लिहून द्यायचा होता." जादूगाराने मान डोलावली आणि तो राज्याबाहेर गेला.

शशिप्रभेच्या तळहातांवर बारीक तिरक्या रेघा उमटल्या होत्या. कमळजा त्या भीत भीत कुरवाळू लागली.

"दुखलं नाही, दाई," राजकन्या म्हणाली. "गुदगुल्या झाल्या."

तेव्हा कुठे कमळजा मोकळेपणी रडली.